न मोजलेल्या पिक्सेलशी प्रामाणिक राहणारी लायब्ररी : अ‍ॅस्ट्रोपायचे परीक्षण

खगोलीय प्रतिमेच्या एखाद्या पिक्सेलमध्ये शून्य असले, तर तिथे मोजमाप झाले आणि हाती काही आले नाही, असा त्याचा अर्थ होतो. पिक्सेल रिकामा असला, तर तिथे मोजमापच झालेले नसते. डिटेक्टरचा तेवढा भाग निकामी असेल, दोन चिपांमधली फट नेमकी तिथे आली असेल, एखादा तेजस्वी तारा त्या पिक्सेलला संपृक्त करून, म्हणजे मोजण्याच्या मर्यादेपलीकडे भरून, गेला असेल, विश्वकिरणाचा आघात ओळखून तो नंतर वगळला गेला असेल, किंवा प्रतिमा फिरवून दुसऱ्या प्रतिमेशी जुळवताना कोपऱ्यापर्यंत मूळ माहिती पोहोचलीच नसेल. कारण कोणतेही असो, वाचताना, जोडताना, सौम्य करताना, तेजस्विता मोजताना आणि पुन्हा साठवताना ‘इथे माहिती नाही’ हे विधान शाबूत राहिले पाहिजे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या अ‍ॅस्ट्रोपाय या मुक्त लायब्ररीचे, म्हणजे खगोलशास्त्रासाठीच्या प्रोग्रामसंचाचे, हे परीक्षण मी याच एका कसोटीवर केले आहे. तिचा पसारा फार मोठा आहे. निर्देशांक, कालमापन, एकके यांच्या विभागांबद्दल मी इथे काही म्हणणार नाही.

आधी फाइलविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण लायब्ररीचे बरेचसे गुणदोष फाइलच्या इतिहासातून आलेले आहेत. खगोलशास्त्रात प्रतिमांची देवाणघेवाण फिट्स या स्वरूपात होते आणि या स्वरूपाचे वर्णन १९८१ साली प्रसिद्ध झाले. त्या वेळी प्रतिमेतली मूल्ये पूर्णांकांतच साठवली जात. पूर्णांकांमध्ये ‘माहीत नाही’ असे सांगणारी वेगळी खूण नसते, म्हणून त्यांतलाच एक आकडा राखून ठेवायचा आणि हेडरमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीपत्रकात, ‘ब्लँक’ या शब्दापुढे तो नोंदवायचा, अशी व्यवस्था केली गेली. पुढे दशांश मूल्ये, म्हणजे फ्लोटिंग पॉइंट, फिट्समध्ये आली, तेव्हा त्यांच्यासोबत ‘नॅन’ (‘नॉट अ नंबर’, म्हणजे संख्या नाही) ही तयार खूण मिळाली. तेव्हापासूनचा नियम स्पष्ट आहे : पूर्णांकांच्या प्रतिमेत रिकामा पिक्सेल ‘ब्लँक’ने दाखवायचा, दशांशांच्या प्रतिमेत ‘नॅन’ने, आणि दशांशांच्या प्रतिमेच्या हेडरमध्ये ‘ब्लँक’ लिहायचेच नाही. यात एक बारकावा आहे आणि तो पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. फाइलमध्ये साठवलेला आकडा आणि खरे भौतिक मूल्य यांच्यामध्ये ‘बीस्केल’ने गुणणे आणि ‘बीझीरो’ मिळवणे अशी एक पायरी असते; ‘ब्लँक’चा आकडा मात्र या पायरीच्या आधीच्या, कच्च्या आकड्यांना लागू होतो.

हा बारकावा प्रत्यक्ष आकड्यांत पाहू. समजा, फाइल १६ बिटांची आहे, बीस्केल ०.१ आहे, बीझीरो १०० आहे आणि ब्लँक उणे ३२७६८ आहे. आकाशाची पार्श्वभूमी १००च्या आसपास आहे. वाचणाऱ्या प्रोग्रामने ब्लँककडे दुर्लक्ष करून सरसकट गुणाकार आणि बेरीज केली, तर रिकाम्या पिक्सेलचे मूल्य उणे ३१७६.८ येते. शंभर पिक्सेलांच्या चौकटीत असा एकच पिक्सेल असला, तरी सरासरी १०० वरून ६७.२ वर घसरते. गणितानंतर उणे ३२७६८ हा आकडा शोधायला जावे, तर तो प्रतिमेत कुठेच सापडत नाही, कारण त्याचे आता उणे ३१७६.८ झालेले असते. अ‍ॅस्ट्रोपाय हे काम योग्य क्रमाने करते. आधी कच्च्या आकड्यांत ब्लँक कुठे कुठे आहे ते टिपते, मग मूल्ये दशांशांत नेऊन गुणाकार-बेरीज करते आणि शेवटी टिपलेल्या जागी नॅन ठेवते. वापरणाऱ्याला त्यासाठी एकही ओळ लिहावी लागत नाही. बीस्केल आणि बीझीरो हेडरमध्ये नसले आणि ब्लँक तेवढा असला, तरीही हे रूपांतर होते. १६ बिटांपर्यंतचे पूर्णांक ३२ बिटांच्या दशांशांत जातात आणि त्याहून मोठे पूर्णांक ६४ बिटांच्या दशांशांत. हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला दिसतो, कारण ३२ बिटांच्या दशांशांत मोठे पूर्णांक नेले, तर त्यांचे शेवटचे अंक गळून पडतात. दशांशांच्या फाइलमध्ये कुणी चुकून ब्लँक लिहिले असेल, तर अ‍ॅस्ट्रोपाय तसा इशारा देते आणि तो शब्द बाजूला ठेवते. कच्चे आकडेच पाहायचे असतील, तर उघडताना ‘इग्नोअर_ब्लँक’ हा पर्याय देता येतो किंवा मूल्यांचे रूपांतर पूर्णपणे थांबवता येते. फाइलच्या वाचनाबाबत याहून अधिक काही मागावे, असे मला वाटत नाही.

या सोयीची किंमत स्मृतीत मोजावी लागते. दहा हजार बाय दहा हजार पिक्सेलांची १६ बिटांची प्रतिमा डिस्कवर सुमारे २०० मेगाबाइटची असते. ब्लँक असला की ती पूर्णपणे ३२ बिटांत जाते आणि संगणकाच्या स्मृतीत ४०० मेगाबाइट जागा घेते. मोठी फाइल स्मृतीत न आणता डिस्कवरूनच हवी तेवढी वाचण्याची ‘मेममॅप’ची पद्धत इथे चालत नाही. मेममॅप हवेच असा स्पष्ट आग्रह धरला, तर बीझीरो, बीस्केल किंवा ब्लँक हेडरमध्ये असल्यामुळे ते शक्य नाही, असा त्रुटीचा संदेश येतो. संदेश स्वच्छ आहे आणि मार्गही सांगतो, ही जमेची बाजू. प्रतिमेचा एखादाच तुकडा हवा असेल, तर ‘सेक्शन’ वापरावे. तेवढाच तुकडा वाचला जातो आणि त्यातल्या रिकाम्या जागा नीट नॅन होऊन येतात. मोठ्या मोझेकवर, म्हणजे अनेक प्रतिमा जोडून केलेल्या प्रतिमेवर, काम करणाऱ्यांनी ही सवय सुरुवातीपासूनच लावून घ्यावी.

आता माझी मुख्य तक्रार सांगतो. कॅमेऱ्यातून येणाऱ्या असंख्य फाइलींमध्ये मूल्ये ० ते ६५५३५ या पट्ट्यात असतात. फिट्समध्ये १६ बिटांचा चिन्हरहित (उणे न होणारा) पूर्णांक थेट साठवण्याची सोय नसल्यामुळे बीझीरो ३२७६८ ठेवून ती साठवली जातात. अ‍ॅस्ट्रोपाय हा संकेत ओळखते आणि मूल्ये दशांशांत न नेता चिन्हरहित पूर्णांकांतच ठेवते. वेग आणि जागा या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु अशा फाइलमध्ये ब्लँक उणे ३२७६८ लिहिलेला असेल, तर काय होते ते पाहा. चिन्हरहित पूर्णांकांत नॅनला जागा नाही. त्यामुळे ब्लँकची पायरी गाळली जाते, उणे ३२७६८ मध्ये ३२७६८ मिळवले जातात आणि न मोजलेल्या पिक्सेलचे मूल्य शून्य होते. ज्या दोन गोष्टी कधीही एक होता कामा नयेत, त्या इथे एक होतात आणि तेही कोणताही इशारा न मिळता. उपाय सोपा आहे : उघडताना ‘यूइंट’ हा पर्याय बंद करावा, म्हणजे मूल्ये दशांशांत येतात आणि रिकाम्या जागी नॅन बसतो. पण हा उपाय ज्याला ठाऊक आहे, त्यालाच सुचणार. दशांशांच्या फाइलमध्ये चुकीचा ब्लँक दिसला की इशारा देणाऱ्या लायब्ररीने इथेही एक ओळ छापली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. तोपर्यंत फाइल उघडण्याआधी हेडरमध्ये बीझीरो आणि ब्लँक हे दोन्ही शब्द एकत्र आहेत का, एवढे डोळ्यांखालून घालावे.

ज्या फाइलींमध्ये ब्लँकही नाही आणि नॅनही नाही, नुसते शून्य किंवा उणे ९९९ भरून ठेवले आहे, त्यांच्यापुढे कोणतीही लायब्ररी हतबल असते आणि त्याचा दोष अ‍ॅस्ट्रोपायला देता येत नाही. अशा फाइलींसोबतचे दस्तऐवज वाचावे आणि उघडल्याबरोबर त्या जागी स्वतःच्या हाताने नॅन ठेवावा.

नॅन हाती आला की पुढचा प्रवास नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या नियमांनी होतो आणि हे नियम अंगवळणी पडायला वेळ लागतो. नॅन कोणत्याही गणितात शिरला की उत्तरही नॅन होते; म्हणून साधी सरासरी किंवा साधा मध्यक न काढता ‘नॅनमीन’, ‘नॅनमीडियन’ ही फलने वापरावी लागतात. नॅन कशाहून मोठा, लहान किंवा कशाशी समान आहे का हे तपासले, तर उत्तर ‘असत्य’ येते, अगदी नॅनची नॅनशी बरोबरी तपासली तरीही. याचा एक परिणाम मला फार उशिरा कळला. संपृक्ततेच्या मर्यादेपेक्षा मोठे असलेले पिक्सेल वाईट ठरवणारी चाळणी लावली, की नॅन त्या चाळणीत सापडत नाही आणि चांगल्या पिक्सेलांच्या रांगेत जाऊन बसतो. म्हणून पहिली चाळणी नेहमी ‘इझफायनाइट’ची, म्हणजे मूल्य खरी, सांत संख्या आहे का हे तपासणारी, असावी.

या नॅनला कंटाळून बरेच जण ‘नॅन_टू_नम’ हे फलन चालवतात आणि मोकळे होतात. ते प्रत्येक नॅनच्या जागी शून्य भरते. एके काळी मीही हेच करत असे. एका मित्राच्या कामासाठी एकाच क्षेत्राच्या १२ प्रतिमा जोडून सरासरी काढायची होती. प्रत्येक प्रतिमेत दुर्बीण किंचित सरकलेली असल्यामुळे चिपांमधली फट वेगवेगळ्या ठिकाणी पडत होती. मी नॅन काढून शून्ये भरली आणि सरासरी काढली. अंतिम प्रतिमा पडद्यावर पाहिली तेव्हा तिच्यात पुसट, समांतर पट्टे दिसत होते. ज्या ताऱ्यावर १२ पैकी एका प्रतिमेत फट आली होती, त्याची तेजस्विता बारावा हिस्सा, म्हणजे सुमारे ८.३ टक्के कमी भरत होती. प्रतीच्या, म्हणजे ताऱ्यांची तेजस्विता सांगणाऱ्या मापाच्या, भाषेत हा फरक सुमारे ०.०९ इतका आहे. तारा रूपविकारी, म्हणजे तेजस्विता बदलणारा, असल्याची शंका यायला एवढा फरक पुरेसा असतो. पट्टे दिसले नसते, तर ती संख्या मी तशीच पुढे पाठवली असती. नॅन जसेच्या तसे ठेवून ‘नॅनमीन’ने पुन्हा सरासरी काढली आणि पट्टे गेले, कारण आता त्या ताऱ्याच्या मूल्याला १२ ऐवजी ११ने भागले जात होते.

अ‍ॅस्ट्रोपायचा जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, तो कॉन्व्होल्यूशनचा, म्हणजे प्रतिमा कर्नलने, म्हणजे शेजारच्या पिक्सेलांना द्यायच्या भारांच्या छोट्या चौकटीने, सौम्य करण्याचा. इथे सर्वसाधारण वैज्ञानिक लायब्ररी आणि खगोलशास्त्रासाठी घडवलेली लायब्ररी यांतला फरक उघड दिसतो. साध्या कॉन्व्होल्यूशनमध्ये ९ बाय ९ च्या कर्नलखाली एक नॅन आला, तर त्याच्याभोवतीचे ८१ पिक्सेल नॅन होतात. फूरिये रूपांतराच्या मार्गाने जाणारी सामान्य फलने वापरली, तर एका नॅनपायी अख्खी प्रतिमा नॅन होते. अ‍ॅस्ट्रोपायचे ‘कॉन्व्हॉल्व्ह’ नॅन असलेले पिक्सेल हिशेबातून वगळते आणि उरलेल्या पिक्सेलांच्या भारांची बेरीज पुन्हा एक होईल अशी जुळणी करते. कागदावर पडताळून पाहण्यासारखे उदाहरण घेऊ. ओळीत पाच पिक्सेल आहेत : १०२, १००, रिकामा, ९८, ९६. कर्नलचे भार पाव, अर्धा, पाव असे आहेत. रिकाम्या जागी शून्य भरले, तर मधल्या पिक्सेलचे उत्तर ४९.५ येते आणि त्याच्या डावीकडचा, नीट मोजलेला १००चा पिक्सेलसुद्धा ७५.५ वर येतो; म्हणजे एका न मोजलेल्या पिक्सेलमुळे शेजारचे खरे मोजमापही बिघडते. अ‍ॅस्ट्रोपायच्या पद्धतीने मधल्या जागी १०० आणि ९८ हे दोनच पिक्सेल मोजले जातात, त्यांचे भार दुप्पट होतात आणि उत्तर ९९ येते. डावीकडच्या पिक्सेलचे उत्तर १००.६७ येते. आजूबाजूचा उतार पाहता दोन्ही उत्तरे मनाला पटतात.

ही वागणूक आपोआप मिळते, मुद्दाम मागावी लागत नाही. फूरिये मार्गाने जाणारे ‘कॉन्व्हॉल्व्ह_एफएफटी’ हे फलनही नॅन अशाच रीतीने हाताळते. शून्य भरूनच हवे असेल, तर तसा पर्याय आहे. सौम्य केल्यानंतरही रिकामी जागा रिकामीच राहावी, असे वाटत असेल, तर ‘प्रिझर्व्ह_नॅन’ चालू करावे; मी ते बहुतेक वेळा चालूच ठेवतो, कारण मधला ९९ हा अंदाज आहे, मोजमाप नाही, आणि पुढे प्रतिमा हाताळणाऱ्याला हा फरक आकड्यावरून कळणार नाही. रिकामी जागा कर्नलपेक्षा मोठी असली, तर तिच्या मध्यभागी नॅन उरतो आणि कर्नल मोठा घ्या, असा इशारा मिळतो. एक पिक्सेल विचलनाचा (पसरटपणाचा) घंटाकृती, म्हणजे गाउसीय, कर्नल आपोआप ९ बाय ९ आकाराचा होतो. तेजस्वी ताऱ्याचा संपृक्त गाभा याहून रुंद असणे अगदी सामान्य आहे, त्यामुळे हा इशारा पुष्कळदा दिसतो. तो दिसला म्हणून लगेच कर्नल वाढवू नये. तिथे भरण्याजोगी माहिती शेजारीही नाही, असेच तो इशारा सांगत असतो.

नुसत्या रिकाम्या जागा भरायच्या असतील, तर ‘इंटरपोलेट_रिप्लेस_नॅन्स’ हे वेगळे फलन आहे. ते मोजलेल्या पिक्सेलांना हात लावत नाही. चित्र प्रसिद्धीसाठी तयार करताना किंवा नॅन सहन न होणाऱ्या एखाद्या जुन्या प्रोग्रामला प्रतिमा देण्यापूर्वी त्याचा चांगला उपयोग होतो. ताऱ्याच्या शिखरावरचा निकामी पिक्सेल मात्र याने भरू नये. शेजारचे सगळे पिक्सेल शिखरापेक्षा मंद असल्यामुळे त्यांची भारित सरासरी शिखरापेक्षा कमीच येते आणि ताऱ्याची तेजस्विता गुपचूप घटते.

आकडेवारीच्या विभागातले ‘सिग्मा_क्लिप्ड_स्टॅट्स’ (टोकाची मूल्ये गाळून सरासरी वगैरे काढणारे फलन) नॅन आपणहून वगळते आणि वगळल्याचे सांगतेही. अ‍ॅस्ट्रोपायशी जोडलेल्या फोटुटिल्स या तेजस्विता मोजण्याच्या पॅकेजमध्ये मात्र दोन रीती आढळतात. ‘अ‍ॅपर्चर_फोटोमेट्री’ला मास्क (वगळायच्या पिक्सेलांचा नकाशा) दिला नाही आणि अ‍ॅपर्चरमध्ये, म्हणजे मोजणीसाठी ताऱ्याभोवती आखलेल्या वर्तुळात, नॅन आला, तर बेरीज नॅन येते; उलट ‘अ‍ॅपर्चरस्टॅट्स’ तोच पिक्सेल आपोआप झाकून बेरीज देते. नवख्या माणसाला दुसरी रीत सोयीची वाटेल. मला पहिली अधिक विश्वासाची वाटते, कारण झाकलेल्या पिक्सेलमधला प्रकाश बेरजेतून गेलेला असतो आणि नॅन पाहून निदान थांबावे तरी लागते.

नॅनची एक मर्यादा कोणत्याही सॉफ्टवेअरने भरून निघणार नाही : तो ‘मोजमाप नाही’ एवढेच सांगतो, का नाही ते सांगत नाही. हबल आणि जेम्स वेब दुर्बिणींच्या फाइलींमध्ये यासाठी गुणवत्तेचा वेगळा थर असतो आणि त्यातल्या प्रत्येक बिटाला अर्थ असतो. वेबच्या फाइलींत १ म्हणजे वापरू नये, २ म्हणजे संपृक्त, ४ म्हणजे मोजणीत झेप आढळली. अ‍ॅस्ट्रोपायमधले ‘बिटफील्ड_टू_बूलियन_मास्क’ हे फलन या बिटांपैकी कोणते मनावर घ्यायचे आणि कोणते सोडायचे, ते ठरवून मास्क बनवून देते. मंद दीर्घिका शोधताना आणि तेजस्वी तारा मोजताना ही निवड वेगळी असते, म्हणून मूळ थर जपून ठेवावा आणि मास्क दर वेळी नव्याने करावा.

राहता राहिले साठवणे. नॅन असलेली दशांशांची प्रतिमा जशीच्या तशी लिहिली, तर काहीही बिघडत नाही. ती पुन्हा पूर्णांकांत नेताना मात्र सगळी जबाबदारी आपल्यावर येते. नॅनला पूर्णांकात जागा नसल्यामुळे थेट रूपांतर केले, तर तिथे कोणता आकडा बसेल याचा भरवसा नसतो. आधी नॅनच्या जागी राखीव आकडा ठेवावा, मग रूपांतर करावे आणि तोच आकडा हेडरमध्ये ब्लँक म्हणून लिहावा. हा क्रम चुकवू नये. दशांशांची प्रतिमा संकुचित करून साठवायची असेल, तर मूल्ये सहसा आधी ठरावीक पायऱ्यांवर आणली जातात आणि त्यात प्रत्येक मूल्य किंचित हलते. नॅन यातून सुखरूप बाहेर येतो, कारण त्याच्यासाठी एक पूर्णांक राखलेला असतो. नेमके शून्य टिकण्याची हमी मात्र त्यासाठीच असलेल्या डिदरिंगच्या (पायऱ्यांवर आणताना मुद्दाम थोडी यादृच्छिक भर घालण्याच्या) दुसऱ्या पद्धतीतच मिळते. रिकाम्या जागी शून्ये भरून ठेवलेली प्रतिमा दुसऱ्या पद्धतीवाचून संकुचित केली, तर ती शून्ये शून्येच उरतील असे धरून चालता येत नाही आणि मग ‘शून्य असेल तर वगळा’ ही चाळणी निरुपयोगी होते.

माझ्या कामात आता अंतिम फाइलीत दोन विस्तार, म्हणजे स्वतंत्र भाग, असतात : पहिल्यात नॅन असलेली प्रतिमा आणि दुसऱ्यात ८ बिटांचा, कारण सांगणारा थर. फाइल लिहून झाली की मी ती नव्याने उघडतो, नॅन असलेल्या पिक्सेलांची संख्या मोजतो आणि लिहिण्यापूर्वीच्या संख्येशी ताडून पाहतो. दोन्ही संख्या जुळल्याशिवाय मधल्या टप्प्यांच्या फाइली मी पुसत नाही.